न झालेली वाटणी : ‘वाडा चिरेबंदी’मधील भावंडे

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) या नाटकाविषयी मराठीत विपुल लिहिले गेले आहे. या लेखनाचा रोख बव्हंशी वाड्याकडे आहे. सरंजामी मूल्यव्यवस्थेचा ऱ्हास, एकत्र कुटुंबाचे विघटन, खेडे आणि महानगर यांतील ताण ही सूत्रे समीक्षेने ठळक केली; चेकॉव्हच्या ‘चेरी ऑर्चर्ड’शी (१९०४) या नाटकाचे नाते जोडले. हे विवेचन चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरली जाते. ती अशी की, वाडा ढासळतो आणि म्हणून त्यातील माणसे एकमेकांपासून दुरावतात. देवळाली कॅम्प येथील महाविद्यालयात पदव्युत्तर वर्गाला हे नाटक शिकवीत असताना या गृहीतकाविषयी प्रस्तुत लेखकाच्या मनात शंका उत्पन्न झाली. वर्गातील बरेच विद्यार्थी भगूर, लहवित, नाणेगाव, शिंगवे बहुला अशा आसपासच्या गावांतून येणारे, शेतकरी कुटुंबांतील. त्यांनी नाटक वाचून विचारलेला पहिला प्रश्न वाड्याविषयी नव्हता. ‘यांची वाटणी झाली होती का?’ असा तो साधा प्रश्न होता.

वाटणी झालेली नाही, हे या प्रश्नाचे उत्तर. देशपांड्यांच्या घरातील भावंडांच्या दुराव्याची चिकित्सा या उत्तरापासून सुरू केली, तर नाटकातील कित्येक प्रसंगांचा अर्थ वेगळा लागतो, असे येथे मांडावयाचे आहे.

शेती करणाऱ्या समाजात ‘वाटणी’ हा शब्द नुसत्या विभाजनाचा वाचक नसतो. जमिनीचे तुकडे, विहिरीवरील पाण्याची पाळी, बैल, भांडीकुंडी, आईवडिलांना कोणी सांभाळावयाचे, बहिणीच्या लग्नाचे कर्ज कोणाच्या वाट्याला जावयाचे, हे सारे पंचांसमोर एकदा बोलून टाकण्याचा तो प्रसंग असतो. तो कटू असतो यात शंका नाही. पण त्या दिवशी घरातील प्रत्येकाला आपले म्हणणे उघड मांडण्याचा एक मान्य अवसर मिळतो. कोणी किती राबले आणि कोणी किती खाल्ले याचा बरावाईट हिशेब होतो. वाटणीनंतर बांधावरून भांडणारे भाऊ पुष्कळ असतात. पण वाटणीनंतरच एकमेकांच्या ओसरीवर मोकळेपणाने बसू लागलेले भाऊही खेड्यात थोडे नसतात. कृ. प्र. खाडिलकरांनी १९०९ मध्ये ज्या नाटकाला ‘भाऊबंदकी’ असे नाव दिले, त्यात वारसाचा कलह गादीचा आहे, त्याला राजकारणाचे अधिष्ठान आहे आणि त्याची परिणती नारायणराव पेशव्यांच्या खुनात होते. एलकुंचवारांच्या नाटकात शस्त्र कोणी उपसत नाही. येथे हिशेबच मांडला जात नाही, आणि न मांडलेला हिशेब घरातील प्रत्येक जण मनातल्या मनात करीत राहतो.

नाटकाचे कथानक अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. विदर्भातील धरणगाव येथील देशपांडे घराण्याचे कर्ते पुरुष तात्याजी निवर्तले आहेत. थोरला भास्कर, त्याची पत्नी म्हणजे घराची वहिनी, त्यांची मुले पराग व रंजू, अविवाहित बहीण प्रभा, धाकटा चंदू, आई आणि जराजर्जर दादी एवढी माणसे वाड्यात आहेत. मधला सुधीर मुंबईत नोकरीला. अंत्यविधी उरकल्यानंतर तो पत्नी अंजलीसह येऊन पोचतो. तेरावा घराण्याच्या इतमामाला साजेसा करावयाचा की झेपेल तसा, आणि त्याचा खर्च कोणी उचलावयाचा, या प्रश्नाभोवती नाटक फिरू लागते.

मृत्यूनंतरचे हे दिवस नाटककाराने निवडले, यात नाट्यतंत्राची सोय आहेच. विखुरलेली माणसे एका छपराखाली आणण्याला सुतकासारखे निमित्त नाही. परंतु शेतकरी कुटुंबाच्या दृष्टीने या दिवसांना आणखी एक अर्थ आहे. वारसाचा प्रश्न याच दिवसांत उद्भवतो, आणि याच दिवसांत तो काढणे अशिष्ट समजले जाते. ‘अजून चिता थंड झाली नाही’ हे वाक्य आपल्याकडे ज्याला हिस्सा मागावयाचा आहे त्याच्या तोंडावर मारण्यासाठीच राखून ठेवलेले असते. या कोंडीतून नाटकातील संवादांचा विशिष्ट पोत निर्माण होतो. पात्रे खर्चाविषयी बोलतात, चहाविषयी बोलतात, प्रवासाच्या दगदगीविषयी बोलतात. आणि प्रत्येक वाक्याखाली हिश्श्याचा प्रश्न वाहत असतो.

शेतीवर जगणाऱ्या कुटुंबाचे हे नाटक असूनही त्यात शेत कोठे दिसत नाही, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. सगळा व्यवहार वाड्यात घडतो. जमीन आहे ती आठवणीत, बोलण्यात आणि विक्रीच्या शक्यतेत. याला सामाजिक कारण आहे. देशपांडे ही मुळात वतनदारी. हे कुटुंब नांगर धरणाऱ्यांचे नव्हे, दुसऱ्याच्या नांगराखालील जमिनीवर जगणाऱ्यांचे. विदर्भासाठी स्वतंत्रपणे झालेला १९५८ चा कूळकायदा आणि महाराष्ट्राचा १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा यांनी अशा घराण्यांच्या पायाखालील जमीन कायद्यानेच सरकवली. कलमांची चर्चा नाटकात नाही, ती असण्याचे कारणही नाही. पण भास्करच्या वागण्यात जी पोकळ ऐट आहे तिचा उगम येथे आहे. ज्याची मालकी उत्पन्नावाचून उरली आहे, त्याला मालकीची लक्षणेच जपावी लागतात. यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी १९३९ मध्ये जन्मलेल्या एलकुंचवारांना हे जग आतून ठाऊक होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या ऐटीचे चित्रण उपहासाकडे का झुकत नाही ते कळते.

वाड्यापुढे गंजत पडलेला ट्रॅक्टर या संदर्भात पाहण्यासारखा आहे. आनंद यादव यांच्या ‘गोतावळा’ (१९७१) या कादंबरीतही ट्रॅक्टर येतो. तेथे तो चालतो. चालतो म्हणूनच बैल जातात, जनावरे जातात आणि नारबा या गड्याचे सारे भावविश्व उद्ध्वस्त होते. ‘वाडा चिरेबंदी’तील ट्रॅक्टर चालत नाही. त्याने कोणाला विस्थापित केले नाही, की काही पिकवले नाही. कादंबरीतील यंत्र गड्याच्या नजरेतून पाहिलेले आहे, नाटकातील यंत्र मालकाच्या अंगणात आहे. मराठी ग्रामीण जीवनातील एकाच स्थित्यंतराची ही दोन टोके आहेत. आणि हा ट्रॅक्टर कोणाचा, असे विचारले तर उत्तर सापडत नाही. घेतला भास्करने, पण एकत्र घराच्या पैशातून. म्हणजे तो चौघा भावंडांचा. सर्वांचा असल्यामुळे तो दुरुस्त करण्याची जबाबदारी कोणा एकाची नाही आणि तो मोडीत काढण्याचा अधिकारही कोणा एकाचा नाही. न वाटलेल्या मालमत्तेचे याहून बोलके चिन्ह शोधून सापडणार नाही. अर्थात त्याला ‘प्रतीक’ म्हणण्याची घाई करू नये. खेड्यात असे ट्रॅक्टर खरोखरच उभे असतात.

जमिनीची नोंद निदान तलाठ्याच्या दप्तरी असते. सोन्याचा सातबारा नसतो. म्हणूनच या घरातील सगळा संशय सोन्यावर येऊन साचतो. घराण्याचे दागिने थोरल्या घराच्या ताब्यात आहेत. ते वहिनीचे स्त्रीधन मानावयाचे की कुटुंबाचे, याचा निर्णय कोणी केलेला नाही. कोकणस्थ घरातून आलेल्या अंजलीला या घरात आपण परक्या आहोत याची जाणीव आहेच. त्या सोन्यात सुधीरचाही वाटा आहे, याचीही आहे. रात्रीच्या एकान्तात वहिनी ते दागिने अंगावर घालते आणि भास्कर तिच्याकडे पाहत राहतो, हा प्रसंग नाटकातील सर्वांत गाजलेला. या प्रसंगाचे वर्णन बहुधा गतवैभवाचे स्वप्न असे केले जाते. ते आहेच. पण प्रश्न असा की, हे सोने रात्री का घालावे लागते? जे निर्विवाद आपले आहे ते बाई दिवसा, चारचौघींत घालून मिरवते. या रात्रीत लोभ आहे, दारिद्र्याने दडपलेली हौस आहे, पतिपत्नींमधील दुर्मीळ झालेली कोवळीक आहे. आणि त्याबरोबरच दुसऱ्याच्या हिश्श्याचे ओझेही त्या बाईच्या गळ्यात आहे. प्रयोगात ही सारी अंगे एकदम पोचणे अवघड, वाचनात ती सुटी करता येतात.

पुढे रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाते ती हेच सोने घेऊन. कथानकाच्या दृष्टीने ही घटना काहीशी ठरीव वाटते, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच निराधार नाही. तरीही तिच्यात एक कठोर तर्क आहे. जी वाटणी मोठ्यांनी उघडपणे केली नाही ती तिसऱ्या पिढीतील एका अल्लड मुलीने चोरीच्या मार्गाने उरकून टाकली. सोने गेल्यावर भावाभावांत संशयाला जागा उरत नाही, कारण वाटून घ्यावयाला काही उरत नाही.

चंदू हा या न झालेल्या वाटणीचा सर्वांत मुका बळी. तो घरातील पडेल ते काम करतो, त्याचे लग्न झालेले नाही, त्याच्या पायाच्या जखमेकडे पाहण्यास कोणाला सवड नाही. कायद्याने त्याचा हिस्सा भास्करइतकाच आहे. व्यवहारात तो घरचा गडी आहे. गड्याला निदान साल ठरवून मिळते. एकत्र कुटुंबात श्रमाची नोंद नसते, आणि प्रेमाच्या नावाखाली सर्वाधिक श्रम ज्याच्याकडून घेतले जातात त्याला ते मागे लावून बोलता येत नाही. येथे एलकुंचवारांनी एक धाडस केले आहे. त्यांनी चंदूला तक्रार दिली नाही. एखाद्या कमी प्रतीच्या नाटककाराने दुसऱ्या अंकात त्याच्या तोंडी एक जळजळीत भाषण घातले असते आणि प्रेक्षकांच्या टाळ्या घेतल्या असत्या.

तक्रार आहे ती प्रभाजवळ. शिकण्याची तिची तीव्र इच्छा होती, आणि घराण्याच्या प्रतिष्ठेपायी तात्याजींनी ती मोडली. आता ती वाड्यात वय वाढवीत बसली आहे. तिच्या बोलण्याची धार पुष्कळदा ‘अविवाहित स्त्रीची विफलता’ अशा शब्दांत समजावली जाते. हा शब्दप्रयोग सोडून द्यावा असे सुचवावेसे वाटते. प्रभाची स्थिती मानसिक जेवढी आहे तेवढीच वैधानिक आहे, आणि ती नेमकी किती वाईट होती हे अंकगणिताने दाखविता येते.

नाटक रंगभूमीवर आले तेव्हा १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा त्याच्या मूळ रूपात लागू होता. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलगे जन्मतः सहदायाद, मुलगी नाही. पित्याच्या मृत्यूच्या क्षणी काल्पनिक वाटणी झाली असे मानून पित्याचा जो हिस्सा निघेल, तेवढ्यापुरतीच मुलगी वारस. गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये या काल्पनिक वाटणीची रीत स्पष्ट केली. ती देशपांड्यांना लावून पाहू. मालमत्ता सर्व वडिलोपार्जित आहे, तात्याजींनी मृत्युपत्र केलेले नाही आणि पहिल्या टप्प्यात दादीला वेगळा हिस्सा नाही, असे धरले तर तात्याजी, आई आणि तीन मुलगे असे पाच समान वाटे पडतात. तात्याजींचा पाचवा हिस्सा मग दादी, आई, तीन मुलगे आणि प्रभा अशा सहा वारसांत विभागला जातो. प्रभाच्या वाट्याला एकूण मालमत्तेचा तिसावा भाग येतो. प्रत्येक भावाला स्वतःचा पाचवा भाग आणि वर हा तिसावा, म्हणजे तीसपैकी सात. भावाचे सात, तेव्हा बहिणीचा एक.

तो एक भागही तिला मागता येत नव्हता, निदान घराच्या बाबतीत. त्याच कायद्याच्या कलम २३ नुसार, कुटुंब ज्या घरात राहते त्या घराची वाटणी स्त्री वारसाला मागता येत नसे. पुरुष वारसांनी वाटणी करावयाचे ठरविले तरच तिचा तो हक्क उत्पन्न होई. तोवर तिला फक्त राहण्याचा हक्क, आणि मुलीच्या बाबतीत तोही ती अविवाहित, विधवा, परित्यक्ता किंवा विभक्त असेल तरच. या कलमाचा मजकूर वाचताना ते जणू प्रभासाठीच रचले आहे असे वाटते. वाड्यात राहता येईल, वाडा मागता येणार नाही. ‘चिरेबंदी’ या विशेषणाचा अर्थ भास्करला जो लागतो तो प्रभाला लागत नाही; तिच्या लेखी चिरे आतून लावलेले आहेत.

आता भास्कर आणि सुधीर. समीक्षेत या दोघांची मांडणी ‘राहिलेला’ आणि ‘गेलेला’ अशी केली जाते. भास्करच्या मते सुधीर मुंबईला जाऊन सुखात आहे आणि घराचा भार आपण एकट्याने वाहिला. सुधीरच्या मते भास्कर जमीनजुमल्याचा धनी होऊन बसला आहे आणि मुंबईतील ओढाताण येथे कोणाला दिसत नाही. दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. ते पूर्ण खरे किंवा पूर्ण खोटे ठरण्यासाठी आकडे लागतात, आणि आकडे मांडावयाचे म्हणजे वाटणीची भाषा बोलावयाची. ती बोलणे म्हणजे तात्याजींचा अपमान. म्हणून हे दोन भाऊ भांडतात तेराव्याच्या खर्चावरून. भास्करचा गावजेवणाचा हट्ट पोकळ आहे हे खरे, पण त्याच्याकडे थोडे सहानुभूतीने पाहावयास हवे. कर्ता म्हणून आपल्याला जे अधिकार मिळाले असे जगाला वाटते, त्यांपैकी एवढा एकच त्याला बजावता येण्याजोगा उरला आहे. निरोपाच्या वेळी या भावंडांत माया दाटून येते तीही खोटी नाही. नाटककाराचा मोठेपणा असा की, त्या मायेने काही सुटत नाही हे त्याने लपविलेले नाही, आणि काही सुटत नाही म्हणून ती माया त्याने खोटीही ठरविलेली नाही.

विजया मेहता यांनी १९८५ मध्ये दिग्दर्शित केलेल्या प्रयोगाने या नाटकाला वास्तववादी रंगभूमीवरील एक मानदंड म्हणून स्थान मिळवून दिले. पुढे एलकुंचवारांनी ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ ही नाटके लिहून त्याचे त्रिनाट्य केले. चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली ‘आविष्कार’ने १९९४ मध्ये तिन्ही नाटके सलग सादर केली. ‘युगान्त’ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. उत्तर भागांत पराग आणि अभय हे चुलतभाऊ एकमेकांजवळ येतात. ज्यांच्यामध्ये वाटून घेण्याजोगे फारसे काही उरलेले नाही अशा पिढीला ही जवळीक साधते, हे आपल्या प्रतिपादनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पण त्या नाटकांचा आवाका वेगळा आहे, त्यांतील अवकाश चिंतनाकडे झुकणारा आहे, आणि त्यांचा विचार स्वतंत्रपणेच करावयास हवा.

१९९४ या सालाविषयी मात्र थोडे अधिक. त्रिनाट्याचे प्रयोग झाले त्याच वर्षी, २२ जून १९९४ रोजी, महाराष्ट्रात हिंदू उत्तराधिकार कायद्याची राज्य दुरुस्ती अमलात आली आणि त्या दिवसापूर्वी विवाह न झालेल्या मुलीला मुलग्याप्रमाणे सहदायाद मानले गेले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद काढला आणि कलम २३ रद्द केले. पित्याचा मृत्यू २००५ च्या दुरुस्तीपूर्वी झाला असला तरी मुलीचा हक्क बाधित होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात निःसंदिग्ध केले. प्रभाचा एक-तिसांश भाग कागदावर भावांच्या बरोबरीला आला.

कागदावर, असे म्हणण्याचे कारण पुन्हा देवळालीच्या वर्गात नेते. छावणीच्या हद्दीतील बरीचशी जमीन संरक्षण खात्याची. तेथे वाडे नाहीत, बंगले आणि बराकी आहेत. पण हद्द ओलांडून दारणेच्या काठाने गेले की भाजीपाल्याचे, उसाचे, द्राक्षांचे मळे लागतात. नाशिक शहर जसे वाढत गेले तसे या जमिनीचे मोल वाढले, आणि त्याबरोबर एका दस्ताचे महत्त्वही : हक्कसोडपत्र. भाऊ गाडी घेऊन बहिणींना न्यावयास येतो. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बहिणी अंगठा देतात किंवा सही करतात, सातबाऱ्यावरील नाव फेरफाराने कमी होते, साडी-चोळी होते, जेवण होते. बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला असे दस्तात लिहिलेले असते, आणि कित्येकदा ते खरेही असते. माहेर तुटू नये ही तिची गरज खरी असते. शंभर वर्षांच्या दिवाळी-भाऊबिजेचे वजन त्या सहीमागे असते.

नाटकात सर्वांत मोठा अन्याय कोणावर झाला, असे मी या वर्गाला विचारतो. दरवर्षी उत्तरे विभागलेली येतात. मुलांपैकी पुष्कळांना भास्कर जवळचा वाटतो. घर सांभाळणाऱ्याची बाजू कोणी घेत नाही, असे ते म्हणतात, आणि त्यात त्यांच्या वडिलांचा आवाज ऐकू येतो. काही जण चंदूचे नाव घेतात. मुली प्रभाचे नाव घेतील अशी माझी अपेक्षा असे. एका वर्षी एका विद्यार्थिनीने वेगळेच सांगितले. तिच्या आईने मागच्या उन्हाळ्यात मामांसाठी सही केली होती. घरी परतल्यावर आई दोन दिवस कोणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे मामांना पाठविण्यासाठी पापड लाटायला घेतले. ‘सर, प्रभा भांडते तरी,’ ती म्हणाली.